जिवंत मुशीची किंमत

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मला भेटायला आला. लहानपणी तो वेदीसेवक होता. आता पुण्यात संगणकाच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. मालदीवच्या समुद्रात सात रात्री एका सफारी बोटीवर काढून तो नुकताच परतला होता आणि पाण्याखाली काढलेली छायाचित्रे मला दाखवायला आला होता. छायाचित्रे सुंदर होती. निळ्या काळोखातून एकामागून एक येणाऱ्या करड्या मुशी पाहून मी सहज म्हणालो, ‘‘अरे, तुझ्या आजोबांनी ह्या पाहिल्या असत्या तर मीठ लावून वाळत घातल्या असत्या.’’ त्याचे आजोबा आमच्या किनाऱ्यावरचे नामांकित मच्छीमार होते. तो हसला आणि म्हणाला, ‘‘फादर, हाच तर आपला अडाणीपणा. मेलेली मुशी बत्तीस डॉलरची. जिवंत मुशी वर्षाला तेहतीस हजार पाचशे डॉलरची. आम्ही पैसे मोजून बघायला जातो, म्हणून ती जिवंत आहे.’’

मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. तो गेला, पण त्याचे ते वाक्य माझ्या खोलीत राहिले. त्याच्या घरी हे त्रैमासिक नियमित येते, म्हणून माझे उत्तर मी येथे लिहीत आहे. त्याच्यापुरतेच ते मर्यादित नाही. कारण हा युक्तिवाद आता त्याच्या एकट्याचा राहिलेला नाही. जंगल, वाघ, धबधबा, गडकिल्ले, ज्या कशाचे म्हणून रक्षण करायचे आहे त्याची आधी किंमत सांगा, मग बोला, अशी आपल्या काळाची रीत झाली आहे.

प्रथम प्रतिपक्षाला न्याय देऊ. ही सफर असते कशी? माले येथे विमानातून उतरले की प्रवासी बोटीवर चढतो आणि आठवडाभर बोट हेच त्याचे घर. झोपण्याच्या खोल्या, भोजनगृह, वर गच्ची. सोबत एक वेगळी होडी असते. तिला तेथील दिवेही भाषेत ‘धोनी’ म्हणतात. आपल्या ‘डोणी’ची ती सख्खी बहीण दिसते. हवा भरलेली नळकांडी आणि ती भरणारा कॉम्प्रेसर ह्या धोनीवर असतो. दिवसातून तीन-चार बुड्या, प्रत्येक सुमारे तासाभराची, आणि कायद्याने घातलेली मर्यादा तीस मीटर खोलीची. रात्री बोट बेटांच्या आडोशाला नांगर टाकते. कित्येकदा तिच्या मागच्या अंगाला प्रखर दिवे पाण्यात सोडतात. उजेडाला प्लवक जमते आणि प्लवक खायला मांटा नावाचे प्रचंड पाकट येतात. पहाटे पुन्हा प्रवास, पुन्हा बुडी. हे सारे पाहून मनुष्य स्तिमित होत असेल ह्याबद्दल मला शंका नाही. स्तिमित होणे ही वाईट गोष्ट नाही.

पाण्याखाली श्वास घेण्याचे हे स्वातंत्र्य माणसाला मिळून शंभर वर्षेही झालेली नाहीत. १९४३ मध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां ह्या दोन फ्रेंच माणसांनी ते उपकरण सिद्ध केले. कुस्तोने ‘कॅलिप्सो’ नावाच्या जहाजावर महिनोन्‌महिने राहून तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर धुंडाळले. त्यातून झालेल्या चित्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याच चित्रपटात मासे मोजता यावेत म्हणून प्रवाळावर सुरुंग लावल्याचे दृश्य आहे, आणि जहाजावरच्या मंडळींनी रागाच्या भरात मुशी मारल्याचेही. पुढे हाच कुस्तो समुद्राच्या रक्षणाचा जगातील सर्वांत मोठा पुरस्कर्ता झाला. म्हणजे पाहणाऱ्याचे डोळे बदलू शकतात. पाणबुड्यांना शहाणपण येत नाही असे मी म्हणणार नाही.

बत्तीस डॉलरचा आकडाही खोटा नाही. मालदीवच्या मत्स्य मंत्रालयाने आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत तो आला. मुशी पाहण्याच्या सर्वांत लोकप्रिय जागी एक करडी मुशी पर्यटनाला वर्षाकाठी ३३,५०० डॉलर मिळवून देते आणि तीच मुशी पकडली तर मच्छीमाराला एकदाच ३२ डॉलर मिळतात, असा तो हिशेब होता. ह्या हिशेबाने काम केले हेही कबूल करतो. २०१० मध्ये मालदीवने आपल्या साऱ्या समुद्रात मुशींच्या मासेमारीवर बंदी घातली. अशी बंदी घालणाऱ्या जगातील पहिल्या काही देशांत त्याची गणना होते. मुशी वाचल्या. मग माझी तक्रार कशाबद्दल आहे?

पहिली तक्रार हिशेबाच्या दोन बाजूंबद्दल. ३२ डॉलर एका खिशात जात होते आणि ३३,५०० डॉलर दुसऱ्या खिशात जातात. तुलना करणाऱ्याने दोन्ही आकडे शेजारी ठेवले, पण दोन माणसे शेजारी ठेवली नाहीत. मालदीवचा कोळी मुशीच्या यकृताचे तेल काढून त्याने आपल्या होडीच्या फळ्या माखत असे. त्याची ही जुनी रीत बंदीबरोबर मोडली. कदाचित मोडायला हवीच होती. परंतु ‘देशाचा फायदा झाला’ असे म्हणताना त्या देशातील कोणाचे गेले आणि कोणाला मिळाले, हे सांगायचे राहून गेले. मालदीवमध्ये पर्यटन १९७२ मध्ये सुरू झाले आणि पुढे २००९ पर्यंत पर्यटकांची निवासस्थाने निर्जन बेटांवर ठेवण्याचेच धोरण होते. वस्तीच्या बेटांवर पाहुण्यांसाठी घरगुती निवास चालवण्याची वाट त्या वर्षी खुली झाली. सुमारे चार दशके पाहुणा एका बेटावर आणि यजमान दुसऱ्या बेटावर! सफारी बोटीला तर बेटच लागत नाही. एखाद्या संध्याकाळी निर्जन वाळूवर मेजवानी, फार तर वस्तीच्या बेटावर भेटवस्तूंच्या दुकानांपुरता तासाभराचा फेरफटका. माझ्या तरुण मित्राला मी विचारले होते, ‘‘तिथल्या कोणाशी बोललास?’’ तो बराच वेळ आठवत राहिला. त्याला सात जातींचे मासे नावानिशी ठाऊक होते. माणूस एकही नाही.

दुसरी तक्रार किमतीच्या स्वभावाबद्दल. किंमत वस्तूत नसते, गिऱ्हाइकाच्या मनात असते. ही गोष्ट मालदीवच्या लोकांना आपल्याहून अधिक चांगली कळायला हवी, आणि ती आपल्या भाषेतही मुरलेली आहे. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, ‘फुटकी कवडी’ म्हणतो. ही कवडी मुख्यत: येत होती कोठून? मालदीवच्या उथळ पाण्यातून. तेथील लोक नारळाच्या झावळ्या पाण्यात सोडीत, कवड्या त्यांना चिकटत, मग त्या वाळूत पुरून आतला जीव कुजवून स्वच्छ करीत. चौदाव्या शतकात इब्न बतूता तेथे काझी होता. त्याने ह्या व्यापाराचे वर्णन करून ठेवले आहे. बंगालपासून आफ्रिकेपर्यंत ह्या कवड्या नाणे म्हणून चालत. त्यांच्यावर आणि काथ्यावर नजर ठेवूनच गोव्याच्या पोर्तुगीजांची जहाजे तिकडे गेली. १५५२ मध्ये मालदीवच्या एका राजाने कोचीनला बाप्तिस्मा घेतला, आणि त्याच्या नावाने १५५८ ते १५७३ अशी पंधरा वर्षे पोर्तुगीजांनी मालेवर जो अंमल चालवला, त्याची कटू आठवण ते लोक आजही राष्ट्रीय दिनी जागवतात. आपल्या धर्मबंधूंनी हातात वजनकाटा घेऊन त्या बेटांवर पाऊल ठेवले होते, हे आपण विसरू नये. आणि त्या कवडीचे शेवटी काय झाले? सरकारी नाण्यांपुढे ती चालेनाशी झाली. ज्या शिंपल्याच्या बळावर राज्ये चालली, तो पोरांच्या सारीपाटावर उरला. कवडी तीच होती. गिऱ्हाईक उठून गेले.

उद्या पाणबुड्याही उठून जाईल. त्याला दुसरा समुद्र सापडेल, दुसरा छंद सापडेल, किंवा घरबसल्या डोळ्यांवर यंत्र चढवून समुद्र पाहता येईल. मग वर्षाला ३३,५०० डॉलर मिळवणाऱ्या मुशीची किंमत काय? पुन्हा ३२ डॉलर. ज्या युक्तिवादाने तिला वाचवले, तोच त्या दिवशी तिच्या गळ्याला गळ लावील, आणि तेव्हा विरोध करायला आपल्याजवळ शब्द उरलेले नसतील. कारण आपण स्वत:च तिला बाजारात उभे केले होते.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे. किंमत ज्याला चिकटते तेवढेच दिसते आणि ज्याला चिकटत नाही ते दिसेनासे होते. पाणबुडे मुशीसाठी पैसे मोजतात, पाकटासाठी मोजतात. प्रवाळाच्या त्या इवल्या जीवासाठी कोण मोजतो? आणि सारा डोलारा तर त्याच्यावर उभा आहे. ‘अ‍ॅटॉल’ हा शब्दच जगाला मालदीवच्या भाषेने दिला. कंकणाच्या आकाराची ही प्रवाळद्वीपे कशी घडली ह्याची उपपत्ती चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडली: ज्वालामुखीचे बेट हळूहळू समुद्रात खचत जाते, त्याच्या कडेने वाढणारे प्रवाळ मात्र उजेडाकडे वर वर चढत राहतात, आणि शेवटी डोंगर बुडून प्रवाळाचे कंकण तेवढे उरते. मालदीवमध्ये अशा सुमारे १,२०० बेटांची रांग आहे. त्यांतील सुमारे २०० बेटांवर वस्ती आहे. संपूर्ण देशात समुद्रसपाटीपासून अडीच मीटर उंचीची नैसर्गिक जमीन नाही. नदी नाही, डोंगर नाही, खडक नाही. पायाखाली जे आहे ते प्रवाळाचे चूर्ण. पोपट मासा नावाचा एक रंगीत मासा प्रवाळाचा पृष्ठभाग खरवडून खातो आणि पांढरी वाळू बाहेर टाकतो. तेथील पुळणीच्या वाळूचा मोठा वाटा त्याचाच आहे. मालेची जुनी जामा मशीद सतराव्या शतकात प्रवाळाच्या दगडांतूनच कोरून उभारली. लोकांचे मुख्य अन्न कुपा मासा, म्हणजे ट्यूना. तो ते गळ-काठीने एकेक करून धरतात आणि त्यासाठी लागणारे जिवंत आमिष, म्हणजे चिमुकले मासे, प्रवाळातूनच गोळा करतात. अर्थात तेथील माणसाच्या दृष्टीने प्रवाळ हे ‘दृश्य’ नव्हे. ते त्याचे शेत आहे, त्याची कोळीवाडी आहे, त्याच्या घराचे जोते आहे.

हे जोते आता खचत आहे. प्रवाळाच्या जीवाच्या आत एक सूक्ष्म शैवाल राहते. तेच त्याला अन्न देते, तेच रंग देते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी अंशभर अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हा शेजार मोडतो. शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते. ह्याला विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले तर ते सावरते, नाहीतर उपासमारीने मरते. १९९८ च्या उन्हाळ्यात मालदीवच्या उथळ पाण्यातील बहुतांश प्रवाळ असे मेले. काही ठिकाणी दहातील नऊ. वर्षे लोटली, पुन्हा हिरवळ धरू लागली, तोच २०१६ मध्ये दुसरा मोठा घाला आला. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरचे चौथे विरंजन जाहीर केले. दोन घाल्यांमधील विसाव्याचा काळ आखडत चालला आहे. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद ह्यांनी १७ ऑक्टोबर २००९ रोजी आपले मंत्रिमंडळ पाण्याखाली नेले आणि पाठीवर नळकांडी बांधलेल्या मंत्र्यांनी जगाला उद्देशून धूर कमी करण्याच्या आवाहनावर सह्या केल्या. जगाने छायाचित्रे छापली.

येथे माझा मित्र म्हणेल, ‘‘फादर, समुद्र काय आमच्या बोटीने तापवला?’’ नाही. समुद्र साऱ्यांनी मिळून तापवला. त्यात माझ्या मोटारसायकलीचा धूर आहे, आमच्या सभागृहाच्या वातानुकूलनाचा आहे, मालदीवच्या सरकारने लगूनमध्ये भर घालून उभारलेल्या नव्या वसाहतींचाही भार त्याच प्रवाळावर आहे. तुझ्या बोटीचा जनरेटर रात्रंदिवस चालला, विमानाने तेल जाळले, तरी तुझा वाटा लहानच. पण आम्हां सर्वांमध्ये ‘मी जातो म्हणून हे जिवंत आहे’ असे म्हणणारा तू एकटा आहेस. माझा आक्षेप ह्या वाक्यावर आहे. २०२५ पासून अशा बोटीवर माणशी रात्रीला बारा डॉलर हरित कर आहे. तो भरावा. पण कर भरला म्हणजे ऋण फिटले असे मानणारा मनुष्य आणि दानपेटीत नाणे टाकून पाप धुतले असे मानणारा मनुष्य ह्यांत मला फरक दिसत नाही. दुसऱ्याशी माझा रोजचा परिचय आहे.

किमतीची ही दृष्टी आपल्या घरापर्यंत कशी पोचते पाहा. २०२१ ते २०२३ ही तीन वर्षे मालदीवला सर्वाधिक पर्यटक भारतातून गेले. जानेवारी २०२४ मध्ये लक्षद्वीपच्या छायाचित्रांवरून दोन्ही देशांत वादंग माजले, आणि ‘मालदीवला नको, लक्षद्वीपला चला’ अशी हाक आपल्याकडे घरोघर उठली. राष्ट्राभिमान उत्तमच. पण लक्षद्वीप म्हणजे सारी मिळून ३२ चौरस किलोमीटर जमीन, वस्तीची दहा बेटे आणि २०११ च्या जनगणनेनुसार ६४ हजार माणसे. तीही कंकणद्वीपेच, त्याच प्रवाळाची. मालदीवच्या तोंडावर मारायला म्हणून आपण त्यांना पुढे केले. त्यांना हे पाहुणे झेपतील काय, हा प्रश्न किती जणांना पडला? चारच महिन्यांनी, मे महिन्यात, आपल्याच सागरी मत्स्य संशोधन संस्थेने लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडल्याचे सांगितले. त्या वेळी घरोघर हाक उठली नाही. उष्ण पाण्याला सरहद्द ठाऊक नव्हती; ती आपल्यालाच ठाऊक होती.

मग काय, कोणी जाऊच नये? मी असे म्हणत नाही. ‘पाहू नका’ म्हणणारा धर्म मी शिकलेलो नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रात प्रवाळांच्या नाशाचा नाव घेऊन उल्लेख केला, तो काही समुद्राकडे पाठ फिरवावी म्हणून नव्हे. प्रश्न कोणत्या नात्याने जायचे हा आहे. आणि किमतीपलीकडचा निर्णय मालदीवच्या लोकांनी स्वत: घेऊन दाखवला आहे. बा नावाच्या कंकणद्वीपात हानिफारू हा एक छोटा उपसागर आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत तेथे प्लवक कोंडले जाते आणि पाकटांचे थवेच्या थवे चरायला येतात. बोटींची इतकी झुंबड उडू लागली की चरणाऱ्यांनाच जागा उरेना. २०११ मध्ये बा कंकणद्वीप युनेस्कोच्या राखीव जीवावरणांत समाविष्ट झाले आणि २०१२ पासून हानिफारूमध्ये नळकांडी बांधून उतरण्यास मनाई झाली. आता मोजक्याच लोकांनी, ठरावीक वेळ, पृष्ठभागावर पोहत पाहायचे. ज्या जागी पाणबुडे वाटेल तेवढे मोजायला तयार होते, तेथे त्यांना ‘नाही’ म्हटले गेले. ‘नाही’ म्हणण्याची ही ताकद किमतीच्या हिशेबातून येत नाही. पाकटाला आपल्या नजरेवाचूनही चरण्याचा अधिकार आहे, असे मानले तरच ती येते.

तेव्हा माझ्या तरुण मित्रा, तुझ्यासाठी चार साध्या गोष्टी. पुन्हा जाशील तर वस्तीच्या बेटावर एखाद्या कुटुंबाच्या घरी राहा आणि तेथल्याच माणसाच्या धोनीतून बुडी मारायला जा. बोटच घेणार असशील, तर पैसे भरण्यापूर्वी विचार: मैला आणि कचरा कोठे टाकता? रात्री दिवे लावून पाकटांना बोलावता काय? खलाशी कोठे झोपतात, आणि त्यांना सुट्टी कधी मिळते? आपल्या समाजाची कित्येक मुले जहाजांवर राबतात. हा शेवटचा प्रश्न तुला सुचला नाही ह्याचे मला अधिक वाईट वाटले. तिसरे, पाणी तापलेले असेल आणि प्रवाळ पांढरे पडत असेल त्या वर्षी जाऊ नकोस. आजाऱ्याच्या खोलीत गर्दी करू नये. आणि चौथे, गळ-काठीने कुपा धरणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याशेजारी बसून घटकाभर ऐक. तुझे आजोबा मुशी सुकवीत असत, पण विणीच्या दिवसांत जाळे वर ठेवीत. मुशीची वर्षाची किंमत त्यांना ठाऊक नव्हती. कोणत्या दिवशी समुद्रात जायचे नाही, एवढे ठाऊक होते. तू ज्याला अडाणीपणा म्हणालास त्यात हेही होते.

माझे म्हणणे चुकीचे वाटत असेल तर अवश्य लिही. पुढच्या अंकात तुझ्या उत्तराला जागा द्यावी, अशी विनंती मी संपादकांना आजच करून ठेवतो.